मिठाचा हात

मीठ मी घातलं तेव्हा आत्याबाई परसात कोथिंबीर खुडत होत्या. खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. मी फळीवरचा डबा काढला, एक लहान मूठ भरून पातेल्यात टाकली, डावानं दोनदा खालीवर केलं आणि डबा होता तसा, होता त्या जागी ठेवून दिला. मला असं वाटत होतं, जशी काही मी शेजारणीची पाटलीच उचलली. एकोणीस वर्षं मी त्या घरात स्वयंपाक करत होते आणि त्या स्वयंपाकात माझ्या हातानं मीठ पडण्याची ती पहिलीच वेळ होती.

हसू नका. आमच्याकडं रीतच तशी. चुलीपुढं कुणीही बसो, भाजी कुणीही चिरो, मीठ घालायचं ते घरातल्या मोठ्या बाईनं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई डेरे. कालवण शिजत आलं की मी हाक मारायची, "आत्याबाई, मीठ!" त्या असतील तिथून यायच्या, हात पदराला पुसायच्या, डब्यात बोटं घालायच्या आणि पातेल्यावरून हात असा फिरवायच्या. चमचा नाही, माप नाही. आणि चाखणं तर नाहीच नाही. चुलीवरचं चाखलं की ते उष्टं झालं, आणि उष्टं ना देवाला चालत ना पाहुण्याला. उभ्या जन्मात त्यांनी चुलीपाशी जिभेला बोट लावलं नव्हतं. तरी गावात कुणाचं बारसं असो नाहीतर तेरावं, मोठी पातेली चढली की आमच्या दारात माणूस हजर, "चंद्रभागाबाईंना मिठाला बोलावलंय." स्वयंपाकाला नाही, वाढायला नाही, मिठाला! त्या नेसूचं लुगडं बदलून ऐटीत जायच्या आणि पाच मिनिटांत परत यायच्या.

लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला ह्याचा राग यायचा. मी काही फार सोशिक बाई नाही. पण मग सवय झाली, आणि पुढं पुढं तर बरंच वाटायला लागलं. खारट झालं, आळणी झालं, आपल्या डोक्याला ताप नाही. तसं ते कधी व्हायचंही नाही म्हणा.

घोळ झाला तो आदल्या दिवाळीच्या तोंडावर. आत्याबाईंना टायफॉइड झाला. नारायणगावला दवाखान्यात ठेवलं, सलाइनवर सलाइन लावलं, एकदा तर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन पाहुण्यांना कळवून ठेवा म्हणून सांगितलं. त्यातून म्हातारी उठली. उठली ती निम्मी होऊन. तेवढे दिवस आमच्याकडं मीठ घालायला शेजारची थोरली बाई येऊन जायची. घरी आल्यावर आठव्याच दिवशी आत्याबाई हट्टानं भिंत धरत धरत चुलीपाशी आल्या आणि पिठल्यात मीठ घातलं.

पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं खारट. मी ह्यांच्याकडं बघितलं. आमचे हे, सोपानराव, घास तोंडात धरून बसले होते. समोर दाराच्या चौकटीला हात लावून आत्याबाई उभ्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, इतका हात वाळलेला. ह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "झकास झालंय, आई."

नंतर मागच्या दारी हात धुताना मला म्हणाले, "तोंड वाकडं करू नको. आई वाचली हेच लई झालं. मिठाचं काय, चार दिवसांत हात बसंल."

हात काही बसला नाही. एक दिवस खारट, एक दिवस सपक, मधेच एखादा दिवस बरोबर, तोही चुकून. शेवग्याच्या आमटीचा एकदा नुसता समुद्र झाला होता. आम्ही दोघं मुकाट जेवायचो. हे लोटाभर पाणी प्यायचे, पण जेवण झाल्यावर, पडवीत जाऊन. मी भाताखाली दही लपवायची. आत्याबाई रोज पहिल्या घासाला दारात उभ्या राहायच्या. कौतुक ऐकायला उभ्या राहतात असं मला वाटायचं, आणि आम्ही ते भरभरून करायचो. गावातली मिठाची बोलावणी हे परस्पर परत पाठवायचे, आईला अजून उभं राहवत नाही म्हणून. सात महिने असे काढले. मुलगी नाशिकला होस्टेलवर होती ती सुटली.

मग वैशाखात ही शाल्मली आली. शाल्मली बेंद्रे, पुण्याची. बाणेरला तिचं लहानसं हॉटेल होतं, पोळीत भाज्या गुंडाळून देतात तसलं. टोमॅटो बघायला म्हणून आमच्या वावरात आली, बांधावर बसून आमच्या फडक्यातली भाकरी खाल्ली आणि बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुम्ही मला सालसा करून द्याल का?"

म्हटलं, ते काय असतं?

तिनं कागदावर लिहून दिलं. टोमॅटो काळे होईस्तोवर भाजायचे, साल काढायची. कांदा, लसूण, हिरव्या मिरच्या भाजून घ्यायच्या. सगळं ओबडधोबड कुटायचं, थोड्या तेलावर टाकून दाट होईपर्यंत शिजवायचं. वरून लिंबू आणि कोथिंबीर. शेवटी लिहिलं होतं, मीठ आणि तिखट आपल्या आवडीप्रमाणं.

"आपल्या म्हणजे तुमच्या?" मी विचारलं.

"नाही हो, तुमच्या. मला बाटलीतली चव नकोय. तुम्हाला स्वतःला जसा आवडेल तसा करा. पुढच्या गुरुवारी येते मी खायला. जमला तर दर आठवड्याला नेईन, आणि बरणीवर नाव टाकू तुमचं."

माझं नाव! मी तोवर सीझनभर वाकून टोमॅटोचे क्रेट भरत होते आणि क्रेटवर नाव ह्यांचं असायचं. त्याला काही हरकत नव्हती, वावर त्यांचंच. पण बरणीवर हेमलता डेरे असं लिहिलेलं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मला ते पाहिजेच असं वाटलं. त्याआधी कशासाठीही मी इतकी हपापले नव्हते. सांगायला लाज कसली?

त्या गुरुवारी पहाटेच उठून कामाला लागले. चार किलो टोमॅटो निवडले, चुलीच्या निखाऱ्यावर आणि तव्यावर भाजले. आत्याबाई पाट घेऊन शेजारी बसल्या आणि साली काढायला लागल्या. बोटं भाजली तरी त्यांना काही वाटायचं नाही.

"म्हंजी भरीतच की," त्या म्हणाल्या. "वांग्याच्या जागी टोमॅटो."

"त्याला सालसा म्हणतात."

"सालस? मंग इतक्या मिरच्या कशापायी घालतीस त्यात?"

मी हसले, पण वरवरचं. कारण भाजणं, कुटणं, परतणं सगळं मी निभावून नेणार होते, पण मग मीठ? ते आत्याबाई घालणार. आणि त्यांच्या हाताचा भरवसा काय, आज समुद्र की आज आळणी? त्यांना मीठ घालू नका म्हणावं तर सात महिने जे झाकलं ते सगळं उघडं पडणार. आजारातून उठलेल्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुम्हाला गाव ज्याच्यासाठी ओळखतं ते तुमच्याकडं राहिलेलं नाही? माझी छाती होईना. म्हणून ठरवलं, त्या कोथिंबिरीला परसात गेल्या की गुपचूप आपण घालायचं, आणि परत आल्या की सांगायचं, ह्या पदार्थाला मीठ खाणारा वरून घेतो. थाप तशी बरी होती.

तर मीठ घातलं, डबा जागेवर ठेवला. आत्याबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आल्या. ती परातीत ठेवली, हात पदराला पुसले आणि फळीकडं हात नेला. मी हाकही मारली नव्हती.

मी तोंड उघडलं. "आत्याबाई..."

"काय गं?"

त्या माझ्याकडं बघत होत्या. खुशीत होत्या. सात महिन्यांत पहिल्यांदा बाहेरचं माणूस त्यांच्या हातचं खायला येणार होतं. घोकून ठेवलेली ती थाप काही केल्या माझ्या ओठांवर येईना.

"काही नाही," म्हणाले, "पातेलं तापलंय, हात जपा."

त्यांनी भरली मूठ घेतली आणि पातेल्यावरून फिरवली. मी बघत राहिले. मनात म्हटलं, असू दे, आज त्यांचा आळणी दिवस असेल तर सगळं मिळून जमूनही जाईल. पण त्यांची मूठ काही आळणी दिसत नव्हती. आणि चाखून बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, खरं सांगते. इतकी ती रीत अंगात मुरलेली. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

शाल्मलीला पडवीत बसवलं. हेही शेजारी टेकले. मी बाजरीच्या भाकरीचे तुकडे आणि वाडगाभर सालसा आणून ठेवला. रंग काय सुरेख आला होता! काळसर लाल, मधे मधे भाजक्या मिरचीचे तुकडे. आत्याबाई नेहमीप्रमाणं दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

शाल्मलीनं तुकडा मोडला, चांगला भरपूर सालसा घेतला आणि तोंडात घातला. एकदा चावलं. मग तिचे डोळे मोठे झाले, मान खाली गेली आणि तिला असा ठसका लागला की तिनं तांब्याच उचलून तोंडाला लावला. घटाघटा निम्मा तांब्या प्यायली बिचारी.

"खारट झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"थोडंसं," शाल्मली म्हणाली. शहरातली पोर, तिनं आपली रीत सांभाळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थोडंसं म्हणाली.

आणि तेवढ्यात आमच्या ह्यांनी काय करावं? त्यांनी एक तुकडा बुडवला, तोंडात टाकला, गिळला, आणि सात महिन्यांच्या सवयीनं मान डोलवून म्हणाले, "झकास झालंय, आई."

शाल्मली ह्यांच्याकडं बघायला लागली, ह्या माणसाला काय झालंय अशी. ह्यांच्याही ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. आत्याबाई आधी त्यांच्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, मग परत त्यांच्याकडं.

"सोपाना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या पोरीला ठसका लागला. तुला झकास कसं लागलं रं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी वाडग्याकडं.

आत्याबाईंनी पदर सावरला आणि शाल्मलीला म्हणाल्या, "पोरी, मपला हात चुकला. सुनंचा काय दोष नाय. तू ह्याच्यासंगं वावरात जाऊन ये, वाईच हिंडून ये. तवर दुसरं करते." आणि आत गेल्या.

दोष नाही म्हणे. मीठ मी घातलं होतं, त्या घालत असताना मी गप्प बसले होते, आणि दोष अंगावर घेऊन ती वाळकी बाई आत निघून गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत गेले तर त्यांनी पुन्हा निखारे पुढं ओढले होते आणि टोमॅटो मांडायला घेतले होते. मी शेजारी बसले. फुंकणी हातात घेतली. ती होती म्हणून मान खाली घालून बोलता आलं.

"आत्याबाई, मीठ मी आधीच घातलं होतं."

त्यांचा हात थांबला. "कवा?"

"तुम्ही कोथिंबिरीला गेलात तेव्हा."

"कशापायी?"

मग मी सगळंच सांगितलं. पिठल्यापासून. शेवग्याची आमटी, सपक खिचडी, भाताखालचं दही, ह्यांचं पडवीतलं पाणी, परत पाठवलेली बोलावणी. एकदा सुरू झाले ती थांबेनाच. त्या ऐकत होत्या. निखाऱ्यावरचा एक टोमॅटो फुटला आणि रस चरचरला, तरी त्यांनी तो फिरवला नाही.

"सात महिने?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् सोपानाला बी ठाऊक?"

"त्यांनीच सांगितलं होतं. तोंड वाकडं करू नको म्हणून."

आत्याबाई मागं सरकल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. भडकल्या.

"अगं भवाने! मला दिवाळीपास्नं काय बी लागत नाय. च्या अन् पाणी एकच. गूळ खाल्ला काय न् माती खाल्ली काय. तापानं मपली जीभ नेली, समदी नेली."

मी फुंकणी खाली ठेवली. "मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? मिठाला बोलवत्यात मला, अन् मलाच मीठ कळंना, असं कुणाला सांगू? तुला? का त्या मगाच्या पोरीला?"

"मग इतके दिवस घालत कसं होतात?"

"तुमची तोंडं बघून."

मला समजलं नाही. त्यांनाही ते दिसलं असावं, कारण त्या पुढं सरकल्या आणि बोटानं दाखवत सांगायला लागल्या.

"सोपान्या बारका व्हता तवापास्नं मीठ कमी पडलं का डाव्या भुवईला आठी घालतो. जास्त झालं का घास गिळायच्या आधी पाणी पितो. तू नाक उडवतीस. तुला ठाऊक नसंल, पर उडवतीस. म्हणलं, मपली जीभ नाय तर नाय, ह्या दोघांच्या तोंडावरनं समजंल. रोज पयल्या घासाला दारात उभी राहून बघायची. तुमची तोंडं आपली सरळ. रोज सरळ. मला काय ठाऊक तुम्ही ती आवळून धरलीत? मला वाटलं, देवानं जीभ नेली पर हात ठिवला. लई आनंद वाटला व्हता गं मला."

कौतुक ऐकायला उभ्या राहतात म्हणे! सात महिने ती बाई त्या चौकटीपाशी आमच्याकडं मीठ विचारत उभी होती आणि आम्ही दोघं शहाणे तिच्यापुढं सोंग करत होतो. मला स्वतःची इतकी किळस आली. ह्यांचाही राग आला. आणि आत्याबाईंचाही आला, कारण एका शब्दानं विचारलं असतं तर एका शब्दानं सांगितलं असतं. पण मी तरी कुठं एका शब्दानं बोलले होते?

"तुमचं मन राखायला..." मी म्हणाले.

"मन राखलं! मपली जीभ गेली तर मी तुमच्या जिभेनं काम चालवत व्हते. तुम्ही ती बी काढून घेतली आन म्हणं मन राखलं." त्यांनी नाकापर्यंत पदर ओढला, सोडला आणि हात झटकून परत निखाऱ्यापाशी आल्या. "ऊठ. जळालं ते टोमॅटो. ती पोर यील आता."

आम्ही दोघींनी सगळं पहिल्यापासून केलं. त्या वेळात आत्याबाई मला जितकं बोलल्या तितकं एकोणीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. कांदा मोठा चिरला म्हणून बोलल्या, लसूण करपला म्हणून बोलल्या, सोपानाला तर वावरात नेऊन पुरावं म्हणाल्या. मी खारट पातेलं उकिरड्यावर ओतायला उचललं तर ओरडल्या, "ठेव तिथं! नवं आळणीच शिजव. त्यात मिठाच्या जागी हेच घालायचं, पळी पळीनं."

पुढचं सांगून टाकते. शाल्मलीनं तो दुसरा सालसा खाल्ला, वाडगा पुसून खाल्ला, आणि पुढं सहा वर्षं, तिचं हॉटेल होतं तोवर, दर गुरुवारी आमच्या घरून बरण्या जात होत्या. नाव माझं होतं बरणीवर. पहिली रिकामी बरणी मी अजून धुऊन कपाटात ठेवली आहे. आत्याबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या. जीभ काही परत आली नाही त्यांची. आता त्यांना जाऊनही तीन वर्षं झाली. पण मला सांगायचं आहे ते शाल्मली वावरातून परत यायच्या आधीचं.

नवं पातेलं खाली उतरवलं होतं. आत्याबाईंनी खारट पातेल्यातली एक पळी त्यात घातली, तळापासून ढवळलं, बशीत थोडं काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"चाख."

"इथं? चुलीपाशी?"

"देवाला सकाळीच दूधसाखर दावलीय. हे काय त्याच्या ताटात जायचं नाय. चाख म्हणते ना."

मी बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. टोमॅटोचा आंबटपणा लागला, भाजल्याचा जरासा कडवटपणा लागला, मिरची लागली, आणि तरी सगळं एकमेकांपासून लांब लांब. आळणी होतं. माझं तोंड मात्र आपोआप सरळ झालं.

"बरं आहे," मी म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "हेमे," त्या म्हणाल्या, "आता तरी."

"आळणी आहे."

"मंग तसं बोल की." दुसरी पळी पडली. ढवळलं. "आता?"

"अजून पाहिजे."

"आता?"

"अजून. पूर्ण नको, अर्धी."

त्यांनी अर्धी पळी घातली. मी चाखलं. आणि ते सगळं एका ठिकाणी आलं. आंबट, तिखट, धुराचा वास, लसूण. माझ्या जिभेला नक्की कळलं की हे एवढंच. मला असंच आवडतं. ह्याच्यापुढं कणभरही नको. मी चाळीस वर्षांची होते, आणि मला कसं आवडतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडानं सांगणार होते, तेही कुणाला, तर जिला काहीच लागत नव्हतं तिला. डोळ्यांतून धारा लागल्या त्या थांबेनात.

आत्याबाई पळी तशीच अधांतरी धरून माझ्या तोंडाजवळ आल्या आणि डोळे बारीक करून निरखायला लागल्या.

"काय झालं? जास्त पडलं?"

मी मान हलवली.

"मंग कमी हाय?"

"नाही. बरोबर झालंय. अगदी बरोबर."

"मंग रडतीस कशापायी?" त्या खेकसल्या. "पूस ते डोळे आधी अन् तोंड नीट कर. अशा तोंडावरनं मला मिठाचं काय कळायचं?"